उन्हात वाळलेलं

एका बोंबलाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवला की जोडी बांबूवर नीट लोंबते – मयूरीच्या बोटांना ते न बघताही जमतं, म्हणून ती बघत होती स्वतःच्या कोपराच्या खोबणीकडे... कोरी, गुळगुळीत. एकोणीस दिवसांपूर्वी तिथून इसबाचं पाणी झिरपत होतं आणि एवढ्या उकाड्यातही ती गणवेशाच्या आत लांब बाह्यांचा टीशर्ट घालून शाळेत जायची. काल मात्र अर्ध्या बाह्यांत कबड्डीची चढाई केली, एका दमात तिघींना बाद केलं – तिघींना! – आणि हात वर करून मैदानभर नाचली. मग आज ती खोबण पुन्हा पुन्हा का तपासावीशी वाटतेय?

घरी न सांगता ती दाखवायला गेली तेव्हा डहाणूच्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, सुक्या, शिळ्या मासळीत हिस्टामिन, म्हणजे खाज चाळवणारं द्रव्य, वाढलेलं असतं. काहींचा इसब त्याने चिडतो, सगळ्यांचा नाही. तीन आठवडे सुकं बंद, मग थोडं खाऊन बघायचं. घरी तिने थाप मारली – वर्गातल्या ऋचाशी पैज लागलीय, तीन आठवडे सुकं खाणार नाही. खरं कसं सांगणार? इसबाला ताजी मासळी उष्ण पडते म्हणून वर्षभर आईनेच ती बंद केली होती, आणि ताटात रोज आपल्या हातचा सुका बोंबील भाजून वाढला होता. "उन्हात सगळं विष जळतं गो," म्हणायची. मी खात होते, खाजवत होते, आणि ती खोबरेल लावून फुंकर घालत होती...

"मयूरे, हात बघू," पलीकडच्या बांबूपाशी शेजारची हिरीमावशी ओरडली. "अगो, नवरीचा हात झाला हा! काय लावलंस?"

"लावते काय?" आईच बोलली, मान ताठ करून. "वर्षभर पथ्य केलं मी. ताज्याचा तुकडा दिला नाही, सुक्यावर ठेवली. परवा हिची पैज संपते ना, पहिला बोंबील मीच भाजणार."

परवा.

मयूरी हसली, पण गाल ताठले. सुकं न खाताच खाज सुटली तर... तर बोंबील आरोपातून सुटला, आई सुटली. सुटू दे खाज, आजच सुटू दे, दोन्ही हात भरून – हे कोण मागतंय? काल अर्ध्या बाह्यांत नाचलेली मीच? ती श्वास रोखून कातडीच्या आत कान देत राहिली. आत काहीच हलत नव्हतं, आणि त्या शांततेचीच तिला भीती वाटू लागली...