व्हिसा संपलेली अचोल

पोलीस चौकीतून भाडेकरूंची माहिती मागितली होती, म्हणून सुबोध साळव्यांनी वरच्या खोलीतल्या अचोलकडून तिचा पासपोर्ट मागून घेतला. अचोल दक्षिण सुदानची. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. दोन वर्षांपासून ती त्यांच्या जानकीपुरमच्या घरात राहत होती आणि दर रविवारी साळव्यांच्या पत्नी अरुणाबाईंबरोबर चर्चला जायची. पानं उलटता उलटता साळव्यांचा हात थांबला. व्हिसाची मुदत जूनमध्येच संपली होती, आणि आता नोव्हेंबर लागला होता.

साळवे मूळचे नगरचे. इथे उत्तरेत एका सरकारी औषध संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. रिकाम्या चौकातही लाल सिग्नलला थांबायचे, मागचे कितीही हॉर्न वाजवोत. पासपोर्ट हातात घेऊन ते स्वयंपाकघरात गेले.

"अरुणा, हे तुला माहीत होतं?"

अरुणाबाईंनी गॅस बारीक केला. "ऑगस्टपासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतंत?"

अचोलचं कॉलेज वर्षाच्या मध्येच दुसऱ्या संस्थेच्या ताब्यात गेलं होतं. ती तिथेच शिकते असा दाखला मिळाल्याशिवाय मुदत वाढणार नव्हती. नव्या ऑफिसातली माणसं रोज 'कल आइए' म्हणायची. तारीख उलटून गेली आणि मग पोरगी भीतीने गप्पच बसली.

"उद्या शिपाई आला तर मी काय सांगू?" साळवे म्हणाले.

"पुण्याला मैत्रिणीकडे गेलीय म्हणा. अहो, आपल्या प्रभूला तान्हं असताना जीव वाचवायला रातोरात परमुलखात न्यावं लागलं. मिसरात त्याच्या आईला कुणी विचारलं का, परवानगी आहे का म्हणून?"

"राज्यकर्त्यांचा मान राखा, हेही आपल्याला त्याच चर्चमध्ये शिकवलंय. तिला हाकलून द्या असं मी म्हणतच नाहीये. पण खोटं बोलून ठेवून घ्यायचं?"

"तिच्या गावाकडे लढाई चाललीय. खोटं बोलून जीव वाचत असेल तर बोलेन मी."

बायको चुकतेय असं साळव्यांना ठामपणे म्हणता येईना.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. अचोल दारात उभी होती, खांद्याला बॅग लावून. त्यांचं मराठी तिला थोडंफार समजायला लागलं होतं.

"अंकल, मैं चली जाती हूँ। आपकी सरकारी नौकरी है।"

"कहाँ जाओगी?"

तिची आई युगांडातल्या निर्वासितांच्या छावणीत होती आणि गावात घर म्हणून काही उरलं नव्हतं. हे साळव्यांना ठाऊक होतं. तरी प्रश्न तोंडातून निघून गेला आणि त्यांना स्वतःचाच राग आला.

"बॅग ठेव खाली," ते मराठीतच म्हणाले. "आपण दोघं जाऊ. आधी कॉलेजात, मग परदेशी लोकांची नोंद करतात त्या ऑफिसात. जे आहे ते सांगू."

"आणि तिला तिथेच ठेवून घेतलं म्हणजे?" अरुणाबाईंचा आवाज चढला.

"मग मीही तिथेच बसेन. तिला घेतल्याशिवाय घरी येणार नाही."

अरुणाबाई त्या रात्री त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सकाळी मात्र दोघांचा डबा बांधून ठेवला होता. "शिपाई आला तर खरं तेच सांगते," एवढंच म्हणाल्या.

कॉलेजात साळव्यांनी आपलं सरकारी ओळखपत्र दाखवलं, आणि त्यांना खुर्ची मिळाली, चहा मिळाला. चहा संपायच्या आत दाखलाही मिळाला. अचोल हाच कागद कित्येक महिने मागत होती. साळव्यांना आनंदापेक्षा लाजच जास्त वाटली.

दुसऱ्या दिवशी नोंदणी ऑफिसात गजेंद्र सिंह नावाचे अधिकारी होते. त्यांनी पासपोर्ट पाहिला, दाखला पाहिला, पुन्हा पासपोर्ट पाहिला. अचोलने टेबलाची कड घट्ट धरली होती.

"आप इनके कौन हैं?"

"मकान-मालिक।"

"तो ख़बर तो आपको देनी थी।"

"जी, देनी थी। मुझे परसों ही पता चला।"

"घर में किसी को पता नहीं था?"

नाही म्हणणं किती सोपं होतं. अरुणाबाईंनी खुशाल म्हटलं असतं.

"मेरी पत्नी को पता था," ते म्हणाले. "वह डर गई थी कि बच्ची को वापस भेज देंगे।"

गजेंद्र सिंहांनी चष्मा काढला. "हमारे यहाँ भी घर की बात हमें सबसे बाद में पता चलती है," ते म्हणाले आणि शेजारचा कारकून हसला. मग ते अचोलकडे वळले. "बेटा, छिपी रहतीं और हम ढूँढते, तो मामला बिगड़ जाता। ख़ुद आई हो। कॉलेज की ग़लती भी दिख रही है।"

दंड भरावा लागला. साळव्यांना लेखी ताकीद मिळाली, ती त्यांनी मुकाट्याने सही करून घेतली. पण अचोलला परीक्षा होईपर्यंत मुदत मिळाली. त्यानंतरही गावाकडे लढाई चालू असेल तर वेळेत अर्ज करायचा, तो वर पाठवू, असं गजेंद्र सिंहांनी तिला दोनदा समजावून सांगितलं.

बाहेर आल्यावर अचोल पायरीवर बसली आणि ओंजळीत तोंड झाकून रडली. साळवे शेजारी उभे राहिले. त्यांनी घरी फोन लावला.

"मिळाली मुदत."

अरुणाबाई नाक ओढत म्हणाल्या, "तुम्ही माझं नाव सांगितलंत का तिथे?"

"सांगितलं."

"बरं केलंत. माझ्याही मनावरचं ओझं उतरलं."

अचोलने आईला फोन लावला. भडाभडा बोलली, हसली, आणि मग फोन एकदम साळव्यांच्या हातात दिला. पलीकडून एक बाई त्यांना अजिबात न कळणाऱ्या भाषेत काहीतरी सांगत होती, थांबत होती, पुन्हा सांगत होती.

"हो," साळवे मराठीत म्हणाले. "हो ताई. आहे ती आमच्याकडे. काळजी करू नका."

त्या दिवशी त्यांनी उरलेल्या वेळाची रजा टाकली. घरी आले, जेवले आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपले.