काजव्याचं तेरावं वर्ष

टेबलावर एकोणतीस पासे होते. त्यांतले पाच वीस बाजूंचे. चार पेन्सिली, पैकी दोन चावलेल्या. दाताखाली करकर वाजणाऱ्या ताज्या चीजचा एक वाडगा, हरणाच्या सॉसेजच्या अकरा चकत्या आणि मिठाच्या पाण्याने भरलेला एक काचेचा ग्लास. माणसं चार होती. पात्रांचे कागद पाच; खेळात प्रत्येकाचं एक काल्पनिक पात्र असे आणि त्याची सगळी माहिती त्याच्या कागदावर.

पाचवा कागद मॅरिटच्या डाव्या हाताला होता. तो तिच्या भावाचा, एस्किलचा. एस्किलला जाऊन येत्या मार्चमध्ये दोन वर्षं होणार होती, पण टेबलावर तो अजून वावरत होता. त्याचं पात्र, टार्स्क, बाकीच्यांबरोबर डोंगर चढे, गुहेत शिरे. मॅरिट त्याचं प्यादं पुढे सरकवायची. टार्स्क बोलायचा तेव्हा आवाज एस्किलबरोबर वर्षानुवर्षं खेळलेला ड्वेन कुबियाक काढायचा, बारीक आणि घाईघाईचा, हुबेहूब एस्किल काढायचा तसा. एस्किल जाण्यापूर्वी मॅरिट कधी हा खेळ खेळली नव्हती. त्या आवाजासाठी ती दर रविवारी दुपारी बर्फातून पन्नास मिनिटं गाडी चालवत व्हर्लिनच्या घराच्या तळघरात यायची.

जानेवारीचा पहिला रविवार होता. या टेबलावर बाहेरचं एक वर्ष म्हणजे खेळातलंही एक वर्ष, आणि वर्षाच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाने आपल्या जमातीच्या नियमाप्रमाणे वयाचा पासा टाकायचा. बुटके तीनशे वर्षं जगतात, वनवासी सातशे. त्यांच्यासाठी ही नुसती गंमत. टार्स्क काजवा जमातीचा होता. काजव्यांना अंधारात दिसतं, त्यांच्याइतकं चपळ कोणी नाही, पहिला वार नेहमी त्यांचा. बारा वर्षं पूर्ण झाली की पुढच्या जानेवारीत पासा. पंधरा किंवा वर पडलं तर आणखी एक वर्ष. खाली पडलं तर पात्र मेलं. मेलेल्या पात्राचा कागद कोपऱ्यातल्या लाकडाच्या शेगडीत जायचा. सव्वीस वर्षांत असे चाळीस कागद गेले होते, एकालाही सूट मिळाली नव्हती.

टार्स्कची बारा वर्षं ऑक्टोबरमध्ये भरली होती.

"शंभरात तीस," मॅरिट म्हणाली. शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात ती रोज नमुने तपासायची. आकडे बोलायची तिला सवय होती. "जगायची शक्यता तीस टक्के."

"पोरी, हवामानाच्या बातम्या देतेयस का?" ड्वेन म्हणाला. "आधी पासा तर बुडव."

हीसुद्धा इथली रीत. वयाचा पासा टाकण्याआधी तो मिठाच्या पाण्यात सोडायचा. खरा पासा दर वेळी वेगळी बाजू वर करून तरंगतो. आत हवेचा बुडबुडा असला तर हलकी बाजूच पुन्हा पुन्हा वर येते. तसा पासा बाद. पासा शक्यतो ज्याचा त्याचा.

एस्किलचा पासा गडद हिरवा होता, कडा झिजलेल्या. त्याने तो कधी कोणाच्या हाती दिला नव्हता. त्याची बारी आली की "काजव्याला अजून अवकाश आहे, पाणी कशाला खारट करता?" म्हणून तो खिशात टाकायचा.

मॅरिटने तो ग्लासात सोडला. वीस वर. टिचकी मारून उलटवला. गिरकी घेऊन तो पुन्हा वर आला. वीस. तिने पेन्सिल घेतली आणि रेघा मारत दहा वेळा हेच केलं. आठ वेळा वीस, दोनदा शेजारचा आकडा.

शेगडीत एक ओंडका फुटला.

"तरीच!" ड्वेन ओरडला. "दर विसाला एक बिअर, अशी पैज होती आमची. दहा वर्षं मी त्या चोराला पाजतोय!"

लॉर्ना, व्हर्लिनची बायको, हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. "त्याला माहीत असेल असं वाटतं का रे तुला?"

"न माहीत असायला काय झालं? ग्लास दिसला की त्याला लघवीला लागायची."

मॅरिटने हिरवा पासा फडक्याने कोरडा केला. सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि ते काय देऊ करताहेत हे तिला कोणी सांगायच्या आधीच कळलं.

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही," ड्वेन म्हणाला. त्याने चष्मा काढून सॉसेजच्या बशीत ठेवला. "काय तरंगलं, काय नाही, देव जाणे. टाक."

"मीही बशा उचलत होते," लॉर्ना म्हणाली.

मॅरिटने व्हर्लिनकडे पाहिलं. खेळ तो चालवायचा. शब्द त्याचा शेवटचा. त्रेसष्ट वर्षांचा तो माणूस दाढी खाजवत बसला होता.

"माझी हरकत नाही," तो अखेर म्हणाला. "पण नियम त्याचा आहे. काजवे त्यानेच रचले. तू लॉर्नाने टाईप केलेली प्रत वाचलीस, मूळ कागद पाहिला नाहीस. तो बघ, मग तुला वाटेल ते कर."

त्याने जाड फाइलमधून एक रेघांचा कागद काढला. एस्किलचं अक्षर, उजवीकडे कललेलं. मॅरिटने सावकाश वाचलं.

काजव्याला किती दिवस आहेत हे त्याला जन्मापासून ठाऊक असतं. तो कोणाला सांगत नाही. वेळ आली की एकच पासा. दुसरी फेक नाही. उसनं नशीब नाही.

खाली तारीख होती. चौदा ऑक्टोबर, बारा वर्षांपूर्वीची.

भाऊ गेल्यावर त्याची खोली तिनेच आवरली होती. कपाटात हृदयाच्या तपासणीचे कागद होते, सर्वांत जुना त्याच वर्षीच्या अकरा ऑक्टोबरचा. घरात त्याने सांगितलं ते त्यानंतर चार वर्षांनी, तेही आईने औषधाच्या बाटल्या पाहिल्या म्हणून. दोन तारखांमध्ये तीन दिवस, मॅरिटने मोजले.

"काय गं?" लॉर्नाने विचारलं.

"काही नाही. त्याचं अक्षर वाईटच होतं."

तिने हिरवा पासा स्वेटरच्या खिशात ठेवला. मग आपला स्वतःचा, पारदर्शक पासा ग्लासात सोडला. दहा वेळा. सात, तीन, अठरा, अकरा, दोन, सोळा, सात, वीस, नऊ, चौदा. तिने आकडे लिहून घेतले.

"अगं वेडे," ड्वेन हळूच म्हणाला, "तुझ्या जागी तो असता, तर त्याने हिरवाच टाकला असता."

"हो, टाकला असता." मॅरिट म्हणाली. "ड्वेन, एकदा त्याच्या आवाजात बोल ना. काहीही."

ड्वेनने चष्मा शोधला, चढवला, घसा खाकरला. दोनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा तो बारीक, घाईघाईचा आवाज आला: "चला चला, पहिला वार माझा! तुम्ही म्हातारे या मागून!"

मॅरिटने पासा टाकला. तो चीजच्या वाडग्याला आपटला, परतला, पेन्सिलीपाशी थांबला.

नऊ.

व्हर्लिनने उठून शेगडीचं दार उघडलं. टार्स्कच्या कागदावर एका कोपऱ्यात मोहरीच्या सॉसचं बोट उमटलेलं होतं. मॅरिटने तो दुमडला नाही, सपाटच आत ठेवला आणि सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

कागद जळायला चौदा सेकंद लागले.