हलक्यात हलका कॉम्प्युटर

सावद्याच्या केळी बागाईतदारांच्या संस्थेत सुकदेव सपकाळे फेरीचा कारकून होता. फेरीचा कारकून म्हणजे ज्याला खुर्ची द्यायची संस्था विसरली आणि त्याबदल्यात सायकल देऊन मोकळी झाली, असा माणूस. रोज सकाळी दप्तर खांद्याला अडकवायचं, मळ्यामळ्यांतून हिंडायचं, कोणाची बाग कापणीला आली, कोणाचे घड अजून भरायचे आहेत ते पाहून लिहून आणायचं. त्यावरून कोणाकडे ट्रक कधी पाठवायचा हे ठरे. काम हलकंच होतं, जड होतं ते दप्तर. संस्थेच्या सगळ्या रजिस्टरांचे पुठ्ठे लाकडी फळीसारखे जाड, आणि कोणत्या मळ्यात कोणतं लागेल याचा नेम नाही, म्हणून सगळीच बरोबर न्यावी लागत.

पण सुकदेवला ती फेरी जिवापेक्षा प्यारी होती. त्याचा बाप भिका याच मळ्यांतून खांद्यावर घड वाहून वाहून म्हातारा झाला. त्याच बांधांवरून सुकदेव खिशाला पेन लावून जाई, आणि बागाईतदार उठून म्हणत, "या भाऊ, बसा. चहा टाकायला सांगतो." हाफिसात मॅनेजर त्याला "ए सपकाळे" म्हणे, मळ्यात तो "सुकदेव भाऊ" होता. माणसाला दिवसातून एकदा तरी भाऊ म्हणणारं कोणी लागतं, नाहीतर पगार कितीही असो, अंगी लागत नाही.

आणि नेमका त्याचा उजवा खांदा धरला. आधी हात वर जाईना, मग शर्ट घालताना बायको द्रौपदाबाईला बाही धरून उभं राहावं लागू लागलं. भुसावळच्या डॉक्टरांनी हात फिरवून पाहिला आणि दोन गोष्टी सांगितल्या. ओझं बंद करा, ही पहिली. दुसरी अशी, की हिंडते-फिरते राहा, हात हलता ठेवा, एका जागी बसलात तर खांदा कायमचा आखडेल.

आता या दोन गोष्टी एकत्र बसवायच्या कशा? संस्थेत हे कळलं असतं तर फेरी त्याच दिवशी गेली असती. चेअरमन आधार आबांच्या साडूचा जावई निंबा वर्षभर संस्थेच्या पायरीवर बसून 'काहीतरी काम' निघायची वाट पाहत होता. नव्या सायकलची घंटीसुद्धा त्याने आधीच घेऊन ठेवली होती म्हणतात. सुकदेवने दुखणं गिळलं, दप्तर डाव्या खांद्यावर घेतलं आणि कोणी विचारलं तर "उजव्याले कंटाया आला" म्हणून हसण्यावारी नेऊ लागला.

असं किती दिवस चालणार? एक दिवस चिवड्याच्या पुडीच्या कागदावर त्याला जळगावच्या एका दुकानाची जाहिरात दिसली. आता कॉम्प्युटर एवढा लहान निघालाय, की हातात धरून चालता चालता काम करता येतं, असं काहीतरी त्यात होतं. सुकदेवने चिवडा संपवला, कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आबांच्या ओट्यावर जाऊन बसला.

आबांना खांद्याचं दुखणं सांगून उपयोग नव्हता. आबांना मोठेपणाचं दुखणं होतं, आणि औषध त्यावरच द्यावं लागे. सुकदेव म्हणाला, "आबा, जग कुठं चाललं पाहा. आपली संस्था अजून पुठ्ठ्याच्या रजिस्टरात. आता कॉम्प्युटर घेतला पाहिजे. लहानसा. रोजच्या वरकड कामापुरता."

"लहानसा कायले?" आबा म्हणाले. "घ्यायचा तं मोठा घेऊ. संस्थेले काय भीक लागली का?"

सुकदेवने मान डोलावली. आबा निदान घ्यायला तरी तयार झाले होते, आकार नंतर पाहता येईल.

जळगावला जायच्या दिवशी जीप चालवायला हिलाल होता. हा मूळचा साक्रीकडचा, धुळ्याच्या बाजूची बोली त्याने सावद्यात येऊनही सोडली नव्हती, आणि न विचारता मत द्यायची सवयही. नव्या पेठेत रुपचंद शेठचं दुकान. आत गार हवा, बाहेर चपला काढायच्या. आबांनी चपला काढल्या तेव्हाच त्यांचा अर्धा विश्वास बसला. जिथे चपला काढाव्या लागतात तिथे काहीतरी मोठं असणारच, हा त्यांचा आयुष्याचा अनुभव होता.

रुपचंद शेठने तीन वस्तू मांडल्या. पहिला टेबलभर पसरलेला, टीव्हीसारख्या डोक्याचा. दुसरा ब्रीफकेससारखा, मांडीवर ठेवून उघडायचा. तिसरा त्याने कपाटाच्या मागून काढला आणि बाहीने धूळ पुसली. शाळेतल्या पाटीएवढा, पाटीसारखाच चपटा, मागे धरायला एक कडी. त्याला एक पेन होतं, त्या पेनने काचेवर लिहायचं की अक्षर आत जाऊन बसे.

"मुंबईच्या प्रदर्शनातून आणला," शेठ म्हणाला. "आपल्याकडे अजून कोणी विचारत नाही. लोकांना वाटतं पोरांचं खेळणं आहे. पण नोंदी ठेवा, हिशेब करा, रोजचं हलकं काम सगळं होतं. आणि एकदा चार्ज केला की वायर लागत नाही."

सुकदेवने तो हातात घेतला, उजव्या हातात. खांद्याने तक्रार केली नाही. मग दुकानात कोणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने तो काखेत धरला आणि दोन-चार पावलं चालून पाहिलं. त्याला एकदम मळ्यातला पाट दिसला, पाटाकडेचा बांध दिसला. लग्न ठरलं तेव्हासुद्धा तो इतका खूश झाला नव्हता. हे अर्थात द्रौपदाबाईला कळता कामा नये.

आबांची परीक्षा वेगळी होती. घड उचलून हातानेच वजन सांगणारा माणूस तो. त्यांनी मोठ्या कॉम्प्युटरचं डोकं दोन्ही हातांनी उचलून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. मग पाटी एका हातात घेतली, वर-खाली केली आणि तोंड वाकडं केलं.

"याच्यात हाये काय? हा तं कोवया घड झाला. पैसे मोजायचे टेम्पोभर अन् माल घ्यायचा पिशवीभर?"

दारातून हिलाल म्हणाला, "आबा, खरी गोट शे. हाई एवढंसं शे, कोन्ही बी थैलीमा टाकीसन लई जाई."

सुकदेव पुढे सरसावला. आता बोललं नाही तर ते टीव्हीचं डोकं सावद्याला येणार आणि आपलं दप्तर आपल्याच खांद्यावर राहणार. मग तो जे बोलला, ते बोलायला त्याची जीभ त्या दिवशी फारच चुरुचुरु चालली.

"आबा, मोठा काय, कोणीही घेईल. उद्या रावेरवाले घेतील, परवा यावलवाले. पण हा अख्ख्या जिल्ह्यात कोणाकडे नाही. शेठ, आहे का कोणाकडे?"

"कोणाकडेच नाही," शेठ म्हणाला. त्याच्या धंद्याचं हे दुःख होतं, पण त्याने ते अभिमानासारखं सांगितलं.

"अन् आबा, पेपरात फोटो येणार. मोठ्याच्या मागे उभं राहिलं तर माणूस दिसत नाही, नुसता डबा दिसतो. हा हातात धरून फोटो निघतो. एका हातात कॉम्प्युटर, दुसरा हात असा."

आबांनी पाटी हातात धरली, दुकानाच्या आरशात पाहिलं, टोपी सरळ केली आणि दुसरा हात असा करून पाहिला. "बांधून दे शेठ," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर सुकदेवने खोका मांडीवर घेतला होता. नशिराबाद गेलं तरी त्याचं हसू मावळत नव्हतं.

पेपरात फोटो आला. जिल्ह्यातला पहिला म्हणून आला, आणि घात तिथेच झाला. कारण जिल्ह्यात पहिली असलेली वस्तू कुठे ठेवायची हा प्रश्न निघाला आणि त्यासाठी संचालकांची सभा बसली. दुकानात गार हवा होती, तर इथेही पाहिजे, असं ठरलं. मॅनेजरच्या खोलीशेजारी काचेची केबिन उभी राहिली. सावद्याच्या उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत एकच एसी, तोही पाटीला. दाराबाहेर चपला काढायची सूचना लागली. आबांनी नारळ फोडला, पाटीला हळद-कुंकू लागलं. सुकदेवच्या घरात वस्तूंची पूजा आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून बंद होती. तो हात जोडून बाजूला उभा राहिला आणि मनात म्हणाला, एकदाचं उरकू द्या यांचं, उद्यापासून ही माझ्या पिशवीत.

त्याने दुसऱ्या दिवशी खरोखरच पिशवी आणली. द्रौपदाबाईने जुन्या सतरंजीची शिवून दिली होती, पेनाला वेगळा कप्पा ठेवून.

"पिशवी कायले?" आबांनी विचारलं.

"फेरीला न्यायला, आबा. त्यासाठीच तर हलका घेतला."

आबांनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली. सुकदेवला उन्हाचा त्रास झाला असावा असं त्यांना वाटलं. "अरे, जिल्ह्यात एकच हाये म्हणून तूच सांगे ना? अन् तो तू सायकलवर टांगून केयीच्या बागेत नेशीन? पाट फुटला, हातातून सुटला, कोणी हिसकला मंग? हिलाल तवाच बोलला होता, हलकं हाये, कोणीही उचलून नेईन."

मग त्यांनी गोदामातून जुन्या वजनकाट्याची साखळी मागवली. जो मोडका काटा वर्षानुवर्षं घडांचं वजन करत होता त्याची ही साखळी, चांगली करंगळीएवढ्या कडीची. ती पाटीच्या मागच्या कडीतून ओवली, लोखंडी टेबलाच्या पायाला गुंडाळली आणि कुलूप घातलं. आतापर्यंत सावद्यात बैलही इतक्या बंदोबस्तात बांधला गेला नसेल.

"अन् किल्ली तुयाजवळ," आबा मायेने म्हणाले. "तुलेच ते चालवता येते. आजपासून तू केबिनमध्ये बस. उन्हातान्हात किती दिवस हिंडशीन? खुर्ची घे. फेरी निंबा करीन."

देव कधी कधी असा पावतो, की नवस बोललो नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं. ज्या तोंडाने सुकदेवने दुकानात ती पाटी जिंकली, त्याच तोंडाने तो फेरी हरला होता, आणि आता तक्रार करायला त्याला दुसरं तोंड नव्हतं. त्याला खूप वाईट वाटलं. लोक मात्र पेढे मागत होते, सपकाळेला खुर्ची मिळाली म्हणून.

मग काम सुरू झालं. निंबा दप्तर घेऊन, नवी घंटी वाजवत फेरीला जाई. संध्याकाळी येऊन रजिस्टर केबिनच्या दारात ठेवी. सुकदेव ते पाहून पेनने पाटीवर उतरवी. पण तपासणीस म्हणाले, काचेवरचं आम्हाला चालत नाही, कागद दाखवा. म्हणून पाटीवरचं तो पुन्हा दुसऱ्या रजिस्टरात उतरवून काढी. पूर्वी एक रजिस्टर होतं तिथे दोन झाली. संस्था आधुनिक झाली ती अशी.

एसीचं तोंड बरोबर त्याच्या उजव्या खांद्यावर होतं. दिशा बदलता येईना, कारण वारा पाटीला लागला पाहिजे असं संचालकांनी ठरवलं होतं. सुकदेव खांद्यावर टॉवेल घेऊन बसू लागला. खांदा दिवसेंदिवस आखडत गेला. डॉक्टरांची दुसरी गोष्ट तंतोतंत खरी झाली. त्याने आबांना एकदा मनापासून सांगून पाहिलं, "आबा, मला फेरी परत द्या. मला दप्तर चालेल." आबा म्हणाले, "येडा का काय तू? त्या जागेवर बसायले लोक मरतात. अन् तू गेला तं त्याले सांभायीन कोण?"

वैशाखात एका दुपारी आक्काबाई आल्या. मोर नदीच्या बाजूला त्यांची बाग. नवरा गेल्यावर त्यांनी ती एकटीने सांभाळली होती, आणि घड कधी कापायचे हे सुकदेवने हात लावून सांगितल्याशिवाय त्या कोयता लावू देत नसत. त्यांनी चपला बाहेर काढल्या, दार लोटलं आणि आत येता येता थांबल्या. गार हवेने त्यांना हसू आलं. पदराखालून त्यांनी पिकल्या केळ्यांची एक फणी काढली आणि टेबलावर ठेवली.

"भाऊ, तुमी बागेकडे येनंच सोडलं. तो निंबा बांधावरूनच घंटी वाजवतो अन् पुढं जातो. माह्याकडे ट्रक आला तं अर्धे घड कोवये कापून नेले. तुमी रागावले का आमच्यावर?"

"नाही हो आक्का." सुकदेवने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. "हे आलं ना इथं. हे सोडून जाता येत नाही."

"कोनतं?" आक्काबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. एवढी काचेची खोली, एवढा गार वारा, म्हणजे त्यात काहीतरी भलं मोठं असणार असं समजून त्या शोधत होत्या. शेवटी त्यांची नजर टेबलावरच्या पाटीवर आली. "हे? एवढंसं? बापा, हे तं पोराच्या पाटीएवढं हाये. मंग हेच घेऊन या ना बागेत! पिशवीत टाकलं की झालं."

सबंध सावद्यात ही एक बाई होती जिला कॉम्प्युटर कशासाठी घेतला ते पाहताक्षणी कळलं. सुकदेवने पाटीकडे हात नेला. खांद्यातून कळ निघाली, पाटी बोटभर वर उचलली गेली, साखळी खळखळली आणि ताणून थांबली.

त्याने पाटी खाली ठेवली.

"जड आहे, आक्का," तो म्हणाला. "उचलत नाही."

आक्काबाईंनी मान हलवली, चपला घातल्या आणि उन्हात निघून गेल्या. सुकदेवने केळ्याची फणी टेबलाखाली ठेवली, कारण केबिनमध्ये खाण्याच्या वस्तू आणायला मनाई होती.