अठ्ठेचाळीस व्होल्टचा रुबाब

मी अठ्ठेचाळीस व्होल्टची, बिनवायरची ड्रिल मशीन बोलतेय. स्टिकरवर तसं लिहिलंय, म्हणून अठ्ठेचाळीस म्हणायचं. आतली बॅटरी खरी किती व्होल्टची आहे ते मला ठाऊक आहे, पण तेवढं खरं बोलायची अजून सवय झालेली नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते खोक्यावर छापलेलं नाही. ज्यांनी घडवलं त्यांनीच नाव सांगायचं टाळलं, यात काय ते समजा. मी उजेड पाहिला तो हिंगोलीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानात. शेजारी एक काळीसावळी, अबोल मशीन होती. तिच्या खोक्यात ती, दोन बॅटऱ्या आणि चार्जर, बस्स. माझी मात्र पिवळीधमक पेटी! आत चोवीस बिट, टेप, पकड, शिवाय एक हातोडी. ड्रिलसोबत हातोडी कशाला, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

कलीम सुतार त्या दुकानात आला तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. बारा वर्षं त्यानं कनेरगाव नाक्याच्या अमृतराव मिस्त्रींच्या हाताखाली काढली होती. आता साखऱ्याला चतुराबाईंच्या नव्या घराची सागवानी दारं बसवायचं काम त्याला मिळालं होतं, स्वतःच्या नावावरचं पहिलं. घराला वीज आलेली नव्हती, म्हणून बॅटरीची मशीन हवी होती.

दुकानदारानं आधी चहा मागवला. कलीमनं मला उचलून हवेतच बटण दाबलं. मी अशी गरजले की दुकानातली माणसं वळून बघायला लागली. हवेत मी कुणाला हार जात नाही. 'एखाद्या लाकडात चालवून दाखवा,' हे कलीमच्या अगदी ओठावर आलं होतं. पण ज्याचा चहा प्यायचा त्याच्या मालावर शंका कशी घ्यायची? भीड पडली. त्यानं कप खाली ठेवला आणि मला घेतलं.

साखऱ्यात पहिलं दार मी बसवलं. तेवढ्यानं मला शिंगं फुटली. दुसऱ्या दाराच्या बिजागरीत स्क्रू अर्धा गेला आणि माझं बळ संपलं. कलीमनं जोर लावला. माझं तोंड आधीच डुगडुगत होतं, त्यात स्क्रूचं डोकं सोलून निघालं. स्क्रू आत जाईना, बाहेर येईना. वर मला जळका वास सुटला.

चतुराबाई दारातच उभ्या होत्या. "कलीमभाई, परवा वास्तुशांती हाय. पाहुणे येऊन राहिले. तुमच्यानं व्हत नसंल तर आत्ताच सांगा, मी दुसरा मिस्त्री बघते."

त्या ओरडल्या नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. पहिलंच काम अर्ध्यावर हातातून गेलं, तर पुढं कुणी दारात उभं करणार नाही, हे कलीमला कळत होतं. आता हा माझ्या नावानं खडे फोडणार, असं मी धरून चालले.

"मशीनची चूक न्हाई, मावशी," तो म्हणाला. "मी पारखून घेतली न्हाई, माझी चूक हाय."

शिव्या मी सोसल्या असत्या, हे सोसवेना. मला मनापासून लाज वाटली.

वेगळं होताना तो अमृतरावांना म्हणाला होता, "काका, आता माझं मी बघतो." आता मदतीसाठी त्यांनाच फोन करायचा होता. अंगणात बऱ्याच येरझाऱ्या घातल्या, मग लावला.

अमृतराव दुपारी आले. सत्तरीचा माणूस, आता हाताचं गिरमिट काढणार आणि आम्हा मशीनींना नावं ठेवणार, असं मला वाटलं. त्यांनी पिशवीतून काढली ती दुकानातल्या त्या काळ्यासावळ्या मशीनची थोरली बहीण. सोबत बाभळीचा एक ठोकळा, भोकं पाडून पाडून चाळण झालेला.

"मशीन घ्यायला गेलो की हे लाकूड संगं नेतो," ते म्हणाले. "यात चालली तर घेतो."

"दुकानदाराला राग येत न्हाई?"

"येतो की. म्हणून चहा मी नंतर पितो."

मग त्यांनी मला बाभळीवर टेकवलं. नखभर आत गेले आणि थांबले. ते हसले नाहीत. "हिला घरी ठेव, पडदे टांगायला," एवढंच म्हणाले.

त्यांनी आपली मशीन कलीमच्या हातात दिली आणि ओट्यावर जाऊन बसले. चतुराबाई म्हणाल्या, "मिस्त्री, तुमीच बसवा की आता."

"काम त्याचं हाय, बाई. मी मशीन द्यायला आलो."

कलीमनं अडकलेला स्क्रू पकडीनं पिळून काढला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी दारं लागली. चतुराबाईंनी एकेक दार लोटून पाहिलं. पुढं त्यांच्या भावाच्या घराचं कामही कलीमलाच मिळालं.

कलीमनं आता पारखून दुसरी मशीन घेतली आहे. मी घरी असते. पडद्याच्या दांड्या आणि घड्याळाचा खिळा, एवढा माझा संसार.

मागच्या आठवड्यात कलीमच्या ओळखीचा मुंजाजी आला होता. नळ फिटिंगचं काम तो स्वतःच्या नावावर सुरू करतोय. "कलीमभाई, ही पडूनच हाय. मला द्या, स्वस्तात." माझी छाती फुगली. पुन्हा कामावर जाणार होते मी! पेटीतल्या पेटीत मी ताठ झाले.

"पडदे टांगायचे असतील तर फुकट ने," कलीम म्हणाला. "कामाला न्हाई देणार."

"काहून?"

"पहिलंच काम हाय तुझं. नाव जाईल."

मुंजाजी तोंड पाडून गेला. आधी मलाही राग आला, खोटं कशाला सांगू? मग मुंजाजीचं पहिलं गिऱ्हाईक डोळ्यांपुढं आलं, आणि अर्ध्यात अडकलेला तो स्क्रूही. माझं आता एकच मागणं आहे. कुणी कामासाठी मला मागायला आलं, तर कलीमनं असंच नाही म्हणत राहावं, आणि माझ्या रुबाबाकडं लक्ष देऊ नये.