तापवून विकलेली होडी

मित्रांनो, भीमेच्या काठी बाभळीच्या बुंध्याला बांधलेली एक पत्र्याची होडी तुम्हाला दिसली, तर ती मीच. माझा रंग उडाला आहे, कडेला ठिगळं आहेत, आणि पोटात विहिरीवरून काढून आणलेलं डिझेलचं इंजिन आहे. देखणी मी कधीच नव्हते. पण मला जे सांगायचं आहे, ते दिसण्याबद्दल नाही.

दौंडला रेल्वे फाटकाजवळच्या एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. एका बाजूला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुसऱ्या बाजूला लग्नात द्यायची लोखंडी कपाटं आणि मधे मी. त्या वेल्डरनं जन्मात होडी केलेली नव्हती. त्यानं मला ट्रॉलीसारखीच चौकोनी केली आणि पुढचं टोक तेवढं आठवणीनं वर वळवलं. नदीत सोडल्यावर मी तरंगले, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं होतं.

मला बनवून घेतलं चांगदेवनं. नदीच्या अलीकडे, शिरूरच्या बाजूला त्याचा झेंडू आणि शेवंतीचा मळा होता, आणि पुण्याला फुलं नेणारा टेम्पो सुटायचा पलीकडच्या वरवंडहून. खाली बंधारा घातल्यापासून नदीला बारमाही पाणी असायचं, आणि पूल तर पार लांब. म्हणून मी. चांगदेवच्या विहिरीवर विजेची मोटर आली तसं तिथलं जुनं इंजिन त्यानं माझ्यात बसवलं. आमचं दोघांचं चांगलं जमलं. दसरा-दिवाळीला मी फुलांनी इतकी भरायचे, की पलीकडच्या काठावरचे लोक म्हणायचे, मळाच चालत आला. चांगदेव तेव्हा माझ्यावर जीव टाकायचा.

पण माणसाचा जीव नव्या वस्तूवर असतो. इंजिनाच्या आतल्या रिंगा झिजल्या आणि ते तेल प्यायला लागलं. दुपारी, तापल्यावर, गडी एकदम झकास पळायचा. सकाळी गार असताना मात्र हँडल मारून मारून खांदा निखळायची वेळ यायची. चांगदेव एका काडीला चिंधी गुंडाळायचा, ती रॉकेलमध्ये बुडवून पेटवायचा आणि इंजिनाच्या तोंडाशी धरायचा. मग कुठं ते खोकत खोकत उठायचं. रिंगा बदलायचं काम तो आज करू, उद्या करू म्हणत राहिला. अशात त्याला सणसवाडीला कारखान्यात नोकरी लागली. मळा भावाकडे गेला आणि मी विकायला निघाले.

मला बघायला बिरदेव आला, सोबत त्याचे वडील आण्णा. हे मेंढपाळाचं घर. आण्णांचा उभा जन्म कळपामागे गेलेला, आता तीन वर्षांपासून काठावरच्या वस्तीत शेती करून राहिलेले. त्यांच्या हाताची मोठी ख्याती होती. कुणालाही मेंढी घ्यायची झाली की लोक आण्णांना बाजारात न्यायचे. ते मेंढीच्या कानाला हात लावायचे. कान गार लागला तर म्हणायचे, आजारी आहे, सोडा. ऊब लागली तर घ्या. आण्णांचा हात चुकला, असं पार न्हावरे गावापर्यंत कुणी म्हणत नव्हतं.

ते यायच्या आधी चांगदेवनं मला बराच वेळ पाण्यात गरागरा फिरवलं होतं. इंजिन चांगलं तापवलं, बंद केलं, धूर वाऱ्यावर जाऊ दिला आणि काठावर निवांत बसून राहिला.

"ह्या आधी कुठली बघितली का?" त्यानं विचारलं.

"वाळूवाल्याची बघितली एक," आण्णा म्हणाले. "इंजिनाला हात लावला तर पार गारठल्यालं. म्हनलं, न्हाई बाबा. चालू करून बघायच्या बी भानगडीत पडलो न्हाई."

तो वाळूवाला बिचारा सरळ माणूस असावा. त्यानं इंजिन जसं होतं तसं दाखवलं आणि गिऱ्हाईक गमावलं. मला तेव्हाच ओरडून सांगावंसं वाटलं, की अहो आण्णा, इंजिन म्हणजे मेंढी नव्हे! ते गार असतानाच खरं बोलतं.

चांगदेवनं हँडल हातात घेतलं. "कशाला पाहिजे होडी? दुधाला?"

"दूध तर न्हेऊच," बिरदेव म्हणाला. "पर खरं सांगू का पाव्हणं, घरच्या मानसासाठी पायजे. माझी मंडळी पयलटकरीन व्हती तवा तिला ट्रॉलीत घालून पुलावरनं न्हेली. रस्ता असला, की दवाखाना यायच्या आधीच पोरगं गेलं. आता पुन्यांदा देवानं दिलं, तर तशी पाळी नको. दवाखाना समोर दिसतोय आन् आमी काठाला हुबं, ह्ये न्हाई बघवत. शिल्लक मेंढरं हुती तेवढी समदी इकून टाकली ह्याच्यापायी."

चांगदेवचा हात हँडलवर थांबला. त्यानं इंजिनाकडे बघितलं, मग बिरदेवकडे. मला वाटलं, आता हा बोलणार. माझी खात्रीच झाली होती.

"काय झालं?" आण्णांनी विचारलं.

"काय न्हाई. हँडल जरा तेलकट झालंय." त्यानं पंच्याला हात पुसला.

आण्णांनी पुढे होऊन इंजिनावर पालथा हात ठेवला आणि त्यांचा चेहरा खुलला. "ऊब हाय रं अंगात! आत्ता चालवलं व्हतं का?"

"सकाळी फुलं सोडून आलो की," चांगदेव म्हणाला. त्या दिवशी मळ्यात फुलांची तोडच नव्हती.

एका झटक्यात इंजिन सुरू झालं. आण्णांनी कमरेच्या पिशवीतून चिमूटभर भंडारा काढून माझ्या नाकाला लावला, बिरोबाचं नाव घेतलं, आणि मी त्यांची झाले.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले, हे मी नाकारणार नाही. उन्हाळा होता. पाच-सहा हँडलांत इंजिन उठायचं. बिरदेव दुधाच्या किटल्या न्यायचा, खुरपायला जाणाऱ्या बायकांना पलीकडे सोडायचा. त्याची बायको रतनबाई पाण्याला फार भ्यायची. पहिल्या दिवशी ती डोळे मिटून माझ्या तळाशीच बसली होती. पुढे हळूहळू कडेला बसू लागली, पाण्यात बोटं बुडवू लागली. पावसाळा तोंडावर असताना कळलं, तिला दिवस गेलेत. त्या घरात तेव्हा जे हसणं चालायचं, ते मला काठावर ऐकू यायचं. माझी जुनी वल्ही बिरदेवनं काकडीच्या मांडवाला लावून टाकली. इंजिन असताना वल्ही कशाला, असं त्याला वाटलं. एक लांब बांबू तेवढा माझ्यात राहिला.

दिवाळीनंतर गारठा पडला आणि इंजिन रुसायला लागलं. ऊन वर आल्याशिवाय हलेना. बिरदेवच्या मनात शंका आली होती.

"आण्णा, फिटरला दावूया का?"

"अरं, थंडीत म्हातारी मेंढी बी उशिरा उठती," आण्णा म्हणाले. "उन्हं पडली की पळतंय का न्हाई? मग झालं तर."

वडिलांच्या हातावर शंका घेणं बिरदेवला जमलं नाही. खेपा तशाही ऊन पडल्यावरच असायच्या. विषय तिथंच राहिला.

आणि पौषातल्या एका सकाळी, नुकतं दिसू लागलं होतं तेव्हा, बिरदेव रतनबाईला उचलूनच घेऊन आला. पाण्यावर धुकं बसलं होतं. सोबत वस्तीवरची सखूबाई होती, बाळंतपणं बघितलेली बाई. रतनबाईला माझ्यात गोधडीवर निजवलं. ती ओठ दाबून कण्हत होती. बिरदेवनं हँडल मारलं.

इंजिन नुसतं खोकलं.

त्यानं पुन्हा मारलं. पुन्हा. पांढरा धूर निघायचा आणि विझायचा. बिरदेवच्या तळहाताची साल निघाली, तरी तो थांबेना. आता लागेल, या झटक्याला लागेल, अशी आशा फार वाईट असते मित्रांनो, ती माणसाला दुसरं काही करू देत नाही. आण्णांनी इंजिनाला हात लावला आणि झटकन मागं घेतला. मग ते त्याच्या पाठीवर थोपटू लागले, अडलेल्या जनावराला थोपटावं तसं. "ऊठ रं राजा. ऊठ. एवढ्या डाव ऊठ."

मी तर नुसता पत्रा. पेटत्या चिंधीची युक्ती मला ठाऊक होती, पण ती सांगणार कशी?

"आवं, बास करा त्ये!" सखूबाई शेवटी किंचाळली. "बांबू घ्या हातात! येळ निगून चालली!"

बापलेकांनी बांबूनं मला रेटायला घेतलं. दवाखाना समोर दिसत असला, तरी त्याचा घाट वरच्या अंगाला होता, नदीच्या वळणापलीकडे. वळणावर जलपर्णी दाटून बसली होती. इंजिन असतं तर मी ती फाडत गेले असते. बांबू तिच्यात गुंतायचा, मी जागच्या जागी फिरायचे. बिरदेव पाण्यात उतरला आणि गळ्याइतक्या पाण्यातून मला ओढू लागला. आता धुक्यातून घाट दिसत होता. तिथं आंघोळीला आलेली माणसं दिसत होती, ती हातवारे करत होती.

घाट लागायच्या आधीच बाळ झालं. मुलगी होती. सखूबाईनं तिला उलटी धरली, पाठीवर चापट मारली, तोंडात फुंकर घातली. ती रडली नाही.

रतनबाई वाचली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी बिरदेवला विचारलं म्हणे, "समोरच तर राहता, मग इतका उशीर का केला?"

परत आल्यावर बिरदेव घण घेऊन माझ्याकडे आला. इंजिनाचे तुकडे करायचेच, या इराद्यानं. रतनबाई भिंतीचा, झाडांचा आधार घेत त्याच्या मागं काठापर्यंत आली. "कशाला मारता त्याला?" ती म्हणाली. "त्ये काय आपल्याशी बोललं व्हतं का? त्याच्या वतीनं मानसंच बोलली." बिरदेवनं घण पाण्यात भिरकावला आणि तो लहान मुलासारखा रडला. आण्णा लांब उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

त्यानंतर आण्णांनी कुठल्या मेंढीला हात लावला नाही. लोक बोलवायला यायचे. "माझ्या हाताला आता कळत न्हाई," एवढंच बोलून ते घरात जायचे. घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. त्यापेक्षा भांडले असते तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं.

ही बातमी फिरत फिरत सणसवाडीला चांगदेवपर्यंत गेली. एका रविवारी तो आला, भिमाजी नावाच्या फिटरला घेऊन, पिशवीत नव्या रिंगा. तो बिरदेवच्या डोळ्याला डोळा भिडवत नव्हता. "इंजिन बघून घेतो," एवढंच पुटपुटला. बिरदेव बाजूला सरकला.

भिमाजीनं इंजिन खोललं. रिंग बोटात धरून बघत तो म्हणाला, "ह्या तर घासून पार संपल्यात. कधीपासून चालवताय असं? आधी कुणाचं होतं?"

बिरदेवनं मान वळवून चांगदेवकडे बघितलं.

"माझं," चांगदेव म्हणाला.

दुपार कलायच्या आत काम उरकलं. बिरदेवनं हँडल मारलं आणि इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. कुणाला आनंद झाला नाही. आण्णा बाभळीखालून उठून आले. "एवढंच काम व्हतं?" त्यांनी विचारलं.

"एवढंच, आण्णा," भिमाजी म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काहीच माहीत नव्हतं.

आण्णा चांगदेवकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते ऐकवत नव्हतं. "मंग सांगायचं न्हाई व्हय रं? आमी तरीबी घेतली असती. रिंगा टाकून घेतल्या असत्या."

चांगदेव वाळूत खाली बसला आणि त्यानं पंच्यात तोंड लपवलं.

मित्रांनो, जुनी वस्तू विकण्यात काही वाईट नाही. मी जुनी आहे, आणि जुनं झालं की काहीतरी दुखणारच. पण तुमच्याकडची वस्तू दुसऱ्याच्या दारात द्याल, तेव्हा तिचं दुखणं त्याच्या कानावर घाला. आम्हाला तोंड नाही. आणि तुम्ही कुणाचं जुनं यंत्र घ्यायला गेलात, तर भल्या सकाळी जा, न सांगता जा, आणि ते गार असताना तुमच्या हातानं चालू करून बघा. वेळच्या वेळी निगा राखली असती, तर माझं इंजिन त्या सकाळी अडलं नसतं, हेही लक्षात असू द्या.

मी आता अगदी धडधाकट आहे. कितीही थंडी असो, मी अडत नाही. बायका म्हणतात, बिरदेवभावजींचं इंजिन लई गुणाचं. ते कौतुक मला नको वाटतं. रोज सकाळी बिरदेव हँडल मारतो, इंजिन पहिल्याच झटक्याला उठतं, त्याचा आवाज वस्तीपर्यंत जातो, आणि वर घरात रतनबाई दार लावून घेते.