पेडलवर फोडलेला नारळ

कैवल्यनं गाडीच्या नाकाडात, थेट चारुशीलाच्या बुटांपाशी डोकं घातलं आणि रुमालानं पेडल पुसलं. रुमालाला कुंकू लागलं. खोबऱ्याचा एक तुकडाही निघाला.

"आता दाब."

तिनं उजवा पाय दाबला. इंजिन चढलं आणि अर्ध्यावरच जोर सोडून घुरघुरत राहिलं.

"परत."

परत तेच.

चारुशीलाला हलता येत नव्हतं. शर्यतीच्या गाडीत चालवणाऱ्याला पट्ट्यांनी घट्ट बांधतात, ते ठीक आहे. पाच सेकंदांत सुटून बाहेर पडता आलं पाहिजे असा नियमही आहे आणि ती आरामात बाहेर पडायची. पण आज पट्ट्यांवर झेंडूचा मांडीएवढा जाड हार होता. वाऱ्यानं पडू नये म्हणून तो सांगाड्याच्या दोन्हीकडच्या नळ्यांना तारेनं आवळला होता.

कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या या गाडीचं आज उद्घाटन होतं आणि सकाळपर्यंत सगळं ठीक होतं. मग कमलबाईंनी, म्हणजे कॉलेज चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष तात्या यांच्या पत्नींनी, गाडीची पूजा केली. येडाई देवीचं नाव घेऊन चाकांना हळदकुंकू लावलं आणि ही चालते कशानं, असं विचारलं. पायानं, असं कुणीतरी सांगितलं. त्यांनी नारळ पेडलवरच फोडला.

या गाडीत पेडलपासून इंजिनपर्यंत केबल जात नाही, वायर जाते. पेडलवर दोन सेन्सर. पाय किती दाबला आहे ते दोघांनी आपापलं, एकमेकांना न विचारता सांगायचं. उत्तरं जुळली नाहीत तर पापणी लवायच्या आत इंजिननं जोर सोडायचा. विद्यार्थ्यांच्या शर्यतीचा हा नियमच आहे. संस्थेत मात्र असा प्रकार पूर्वी कुणी पाहिला नव्हता. तिथं एकजण सांगे आणि बाकीचे जुळवून घेत.

समोर पाहुण्यांच्या मांडवात तात्यांनी घड्याळाकडं पाहिलं, तसे प्राचार्य बिभीषण सर घाम पुसत गाडीपाशी आले.

"काय झालं रे?"

"नारळाचं पाणी गेलंय सर. दोन्ही सेन्सर वेगवेगळं सांगायलेत."

"दोन कशाला लागतात?"

"एक चुकला तर दुसऱ्यानं धरावा म्हणून."

"मग चुकला त्याला सोड. खरा आहे त्याचीच वायर दोन्हीकडं जोड."

"खरा कोणता तेच कळंना सर."

"एक ठरव. परवा तोंडी परीक्षा आहे ना तुझी?" सर मायेनं म्हणाले.

"सर," हेल्मेटातून चारुशीला म्हणाली, "चुकीचा ठरला तर पाय काढल्यावरबी गाडी पळंल. समोर मांडव हाय."

"ब्रेक आहे की. अन् एकच तर चक्कर. हसत बस, फोटो काढायलेत."

कैवल्यनं लाल वायरचा तुकडा कापला आणि एकाच सेन्सरवरून दोन्हीकडं जोडला. आता इंजिन एका दमात चढलं. मांडवात टाळ्या पडल्या. चारुशीलानं पाय उचलला, तेव्हा ते जरा उशिरानं, आपल्या मर्जीनं उतरलं. तिनं कैवल्यकडं पाहिलं. कैवल्यनं मांडवाकडं पाहिलं. पहिल्या रांगेत शाळेच्या मुली मांडी घालून बसल्या होत्या.

तेवढ्यात तात्यांचे चिरंजीव अमरसिंह गॉगल कपाळावर चढवत आले.

"थांबा थांबा. पहिली चक्कर मी मारतो."

"मारू द्या," मांडवातून तात्या म्हणाले. "गाडी कुणाची हाय?"

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त रंग गेला. ते कैवल्यच्या कानाशी वाकले.

"ती वायर काढ."

"मग बंद पडंल सर."

"पडू दे. एकुलता एक आहे तात्यांचा."

हे बोलणं चारुशीलाच्या हेल्मेटपासून वीतभर अंतरावर झालं.

कैवल्यनं वायर काढली. पक्कड शोधून हाराची तार तोडेपर्यंत बराच वेळ गेला. पाच सेकंदांचा नियम कुणाला आठवला नाही. ती उतरली, अमरसिंह बसले. त्यांनी पेडल दाबलं, इंजिननं जोर सोडला. पुन्हा दाबलं, पुन्हा सोडला. सरांनी माईक घेतला.

"सुरक्षेच्या बाबतीत आपली संस्था कुणाशीही तडजोड करत नाही! साक्षात अध्यक्षांचे चिरंजीव असोत, नियम म्हणजे नियम!"

मघापेक्षा मोठ्या टाळ्या पडल्या. तात्याही भारावले. अमरसिंह फोटो काढून उतरले.

"बरं, आता त्या पोरीलाच बसवा," तात्या म्हणाले. "तिला जमत हुतं की."

सरांनी कैवल्यला लांबूनच दोन बोटं जुळवून दाखवली.

चारुशीला बसली. पट्टे आवळले गेले, वरून हार आला, हारावर तार आली. कैवल्य पुन्हा तिच्या बुटांपाशी वाकला. बराच वेळ वाकून होता.

"जोडली?" सरांनी विचारलं.

"जोडली सर."

"दाब गं."

इंजिन घुरघुरत राहिलं.

"दाबलंस का?"

"दाबलंय सर. पार तळाला."

सरांनी वाकून पाहिलं, पण झेंडूच्या आड काही दिसेना. आत चारुशीलाचा पाय पेडलच्या शेजारी, सपाट टेकलेला होता. कैवल्यला वाकल्यावर तो दिसला होता. कैवल्यच्या मुठीतून लाल वायरचं टोक बाहेर आलं होतं, ते तिला दिसलं होतं. याबाबत दोघांचं काही बोलणं झालेलं नव्हतं.

सरांनी कैवल्यला बाजूला नेऊन पुन्हा विचारलं. मग परत येऊन तिला विचारलं. उत्तरं जुळली.

"मंग ढकला," तात्या म्हणाले.

इंजिन बंद करून गाडी ढकलली. बँड वाजू लागला. सर बाजूनं चालत होते. "हात हलव," म्हणाले. हारातून तिचा एकच हात बाहेर निघत होता, तो तिनं हलवला. मांडव जवळ आला तसा तिनं डावा पाय ब्रेकवर ठेवला, चाकं थांबतात ना ते पाहिलं आणि पुन्हा सोडला. पहिल्या रांगेतल्या मुली टाळ्या वाजवत होत्या.

गाडी जागेवर आली.

"सर, तार तोडता का?"

"आणखी एक चक्कर," सर म्हणाले. "मागच्यांना दिसली नाही."

कैवल्यनं मूठ न उघडता गाडीला खांदा लावला.