मोसंबीचा भाव आणि पहिलं नाव

गजालाचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखतं. लपवू कशाला? आम्ही दोघी अप्पाराव सरांकडं शेती-अर्थशास्त्रात पीएच.डी. करतो, पण सरांच्या तोंडी नाव सदा तिचंच. यंदा दिल्लीच्या परिषदेला विभागातून एकच पेपर जाणार होता, आणि सरांचा कल उघड तिच्याकडं होता.

तिचा विषय मोसंबी. बहार धरताना व्यापाऱ्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे घेतले, की शेतकऱ्याच्या हाती शेवटी इतरांपेक्षा कमी पडतं, असं तिचं म्हणणं. मला ते पटेना. खरं तर पटवून घ्यायचंच नव्हतं. पुंडलिकनगरहून भल्या सकाळी निघून मी पाचोडकडचा एक बाजार गाठला आणि लिलावात भाव टिपत उभी राहिले. शेतकरी उचल घेतलेला असो की नसो, सारख्या मालाला सारखाच भाव! झालं, बाईसाहेबांचा फुगा फुटला. ऊन चढायच्या आत मी परत फिरले आणि वाटेत खुशीत गरमागरम भजी खाल्ली.

चर्चासत्रात मी ठसक्यात म्हणाले, "सर, भावात एका रुपयाचाही फरक नाही."

"भाव सारखाच पुकारतात गं," गजाला म्हणाली. "चारचौघांत कमी पुकारला तर शेतकऱ्याची इज्जत जाते. तू वजनकाट्यापर्यंत थांबली होतीस का?"

मी उगाच वहीची पानं उलटायला लागले.

"उचल घेतलेल्याच्या वजनातून डागी माल म्हणून सूट जास्त कापतात. मारतात ते तिथं."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पण सर, लिलावाचे भाव माझ्याकडं नव्हते," ती पुढं म्हणाली. "सरितानं नीट टिपलेत. पेपर दोघींच्या नावानं जाऊ द्या."

तिनं मला चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. हे वर उपकार!

सरांनी फळ्यावर लिहिलं : गजाला, सरिता.

"आडनावाच्या अक्षरक्रमानं लावा ना, सर," मी बोलून गेले. तसं लावलं की माझं आधी येत होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"तुझं लाव की आधी," गजाला हसली. "मला काय फरक पडतोय?"

आणि मी लावलं.

दिल्लीत पेपर वाचून झाला आणि पहिलाच प्रश्न आला : काट्यावर किती सूट कापायची, हे नेमकं कोण ठरवतं? पहिलं नाव माझं, म्हणून माइक माझ्या हातात दिला. सभागृह वाट बघत होतं. मी तो गजालाकडं सरकवला.